६६ किलो सोनं आणि साडेतीन लिटरचा कुकर

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सान सेबास्तियन नावाचं एक देखणं शहर आहे. त्याचा प्रसिद्ध किनारा शिंपल्यासारखा वळलेला, लांबीला जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर. दरवर्षी ऑगस्टच्या मध्यावर, १५ तारखेच्या मेरीमातेच्या सणाला धरून, तिथे आठवडाभराचा उत्सव रंगतो. नाव ‘सेमाना ग्रांदे’, म्हणजे मोठा आठवडा. तोफेच्या बारानं सुरुवात होते. दिवसा रस्त्यांतून उंचच उंच बाहुले नाचत फिरतात, आणि रात्री खाडीवर आतषबाजी होते. तीही साधीसुधी नाही. १९६४ पासून तिची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. लोक हातात आइस्क्रीम घेऊन माना वर करून उभे. शहराची लोकसंख्या १ लाख ८८ हजारांच्या आसपास.

आता दुसरा समुद्रकिनारा, दुसरा मोठा आठवडा. २०२५ च्या गणेशोत्सवात मुंबईत विसर्जन झालेल्या मूर्ती महापालिकेच्या हिशेबानं दोन लाखांच्या घरात होत्या. म्हणजे सान सेबास्तियनमधल्या प्रत्येक माणसाच्या हातात, पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत, एकेक गणपती दिला, तरी काही हजार गणपती वाटायचे उरतात! त्यांचं अख्खं शहर जेवढं, तेवढे आपले नुसते देव. माणसं अजून मोजलेलीच नाहीत.

मोजायला बसू या. मी धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीचा. मुंबईच्या समुद्रापासून रस्त्यानं पाचशे किलोमीटर आत. तेरणेवरचं धरण हाच आमचा समुद्र, आणि विहीर हे आमचं माप. लाख, कोटी, अब्ज असं कुणी बोललं की आमच्याकडचा माणूस पहिलं विचारतो, किती परस पाणी? तेव्हा मापं ठरवून घेऊ. विहीर धरू पंचवीस फूट व्यासाची, पन्नास फूट खोल, काठोकाठ भरलेली. तिच्यात साधारण सात लाख लिटर पाणी मावतं. अंतरासाठी मुंबई-पुणे, रेल्वेनं १९२ किलोमीटर. पैशासाठी पाचशेची नोट, लांबी पंधरा सेंटिमीटर. एवढ्या सामानावर सगळं भागतं.

आधी त्या दोन लाख मूर्तीच घ्या. एकेका घरगुती मूर्तीची रुंदी फूटभर धरली आणि सगळ्या खांद्याला खांदा लावून रुळांच्या कडेनं मांडल्या. पहिली मूर्ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. दादर गेलं, कुर्ला गेलं, ठाणं गेलं, कल्याण गेलं, तरी रांग चालूच. शेवटची मूर्ती बसते अंबरनाथला! साठ किलोमीटर गणपती. लोकलच्या खिडकीत बसलेल्या माणसाला दीड तास दुसरं काही दिसणारच नाही.

आता गंमत बघा. त्याच मूर्ती आमच्या विहिरीत रचल्या तर किती विहिरी लागतील? एका मूर्तीचा ऐवज पाच लिटर धरा. दोन लाखांचा झाला दहा लाख लिटर. म्हणजे दीड विहीर. दीड! साठ किलोमीटरचा देव, आणि दीड विहिरीत मावला. मला हा हिशेब पहिल्यांदा जमला तेव्हा मी तो पुन्हा तपासला, कारण मनाला पटेना. पण या उत्सवाचे आकडे असेच आहेत. ज्या वस्तूचा बोभाटा होतो ती मोजायला घ्यावी तर मुठीएवढी निघते, आणि जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही ती अंगावर येते.

सोन्याचंच घ्या. किंग्ज सर्कलचा जीएसबी सेवा मंडळाचा गणपती मुंबईत सगळ्यांत श्रीमंत म्हणून ओळखला जातो. पाच दिवसांचाच, पण थाट असा की बघत राहावं. २०२२ मध्ये त्याच्या अंगावर ६६ किलो सोनं आणि २९५ किलो चांदी असल्याची बातमी होती. ६६ किलो म्हणजे सराफाच्या दहा ग्रॅमच्या हिशेबानं ६,६०० तोळे. दोन-दोन तोळ्यांची मंगळसूत्रं घडवली तर ३,३०० लग्नं लागतील! रोज एक लग्न लावलं तरी नऊ वर्षं मांडव उतरणार नाही.

आणि हे सगळं सोनं वितळवलं तर? सोनं भलतंच जड. एक लिटर सोन्याचं वजन एकोणीस किलोंच्या वर भरतं. म्हणजे ६६ किलो सोनं झालं साधारण ३.४ लिटर. घरातल्या साडेतीन लिटरच्या कुकरमध्ये ते अलगद मावेल. झाकणही लागेल, शिट्टी तेवढी होणार नाही. चांदी त्या मानानं हलकी, तरी २९५ किलोंनी तेलाचे दोन डबे काही भरत नाहीत. मुंबईतला सर्वांत श्रीमंत देव, आणि त्याचं सगळं धन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवता येईल.

पण विमा! २०२५ साली या मंडळानं उतरवलेला विमा होता ४७४ कोटी ४६ लाख रुपयांचा. या रकमेच्या पाचशेच्या नोटा केल्या तर जवळजवळ ९५ लाख नोटा होतात. टोकाला टोक लावून मुंबई-पुणे रुळांवर अंथरत चला. एकदा पुणं गाठलं, परत मुंबई, परत पुणं, असं सात वेळा अंतर कापून झालं तरी नोटा हातात आहेतच. आठव्या खेपेला पुण्याहून निघून लोणावळा ओलांडल्यावर घाटात कुठंतरी त्या संपतात. एकूण लांबी १,४२३ किलोमीटर. मुंबई सेंट्रलहून सरळ अंथरत गेलात तर नवी दिल्लीचं स्टेशन ओलांडून पुढे जाल. दहाच्या नोटा घेतल्या तर ५८ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला एक पूर्ण वेढा आणि दुसरा निम्म्याच्या जवळ. तीच रक्कम २०११ च्या जनगणनेतल्या आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या १६ लाख ५७ हजार लोकांत वाटली तर दरडोई २,८६० रुपये हाती येतील.

आता खरी मेख. या ४७४ कोटींत सोन्या-चांदीचा आणि जडजवाहिराचा वाटा किती असेल? ६७ कोटी ३ लाख. शंभरातले चौदा रुपये. मग बाकीचे? तब्बल ३७५ कोटींचा विमा होता माणसांचा. स्वयंसेवक, पुजारी, आचारी, पहारेकरी, चपला सांभाळणारे. शंभरातले एकोणऐंशी रुपये त्यांच्या जिवावर लावलेले. वर्तमानपत्रांनी मथळे सोन्याचे दिले, पण विमेवाल्यानं हिशेब घामाचा केला होता. माझ्या लेखी या सगळ्या उत्सवातला हा सर्वांत शहाणा आकडा.

घामावरून आठवलं, मोदक. घरोघरी नैवेद्याला एकवीस. दोन लाख मूर्तींपुढे एकदाच एकवीस-एकवीस मोदक ठेवले असं धरा. दहा दिवस नाही, फक्त एकदा. झाले बेचाळीस लाख! एका मोदकाचं वजन पन्नास ग्रॅम धरलं तर २१० टन. दहा टनी एकवीस ट्रक मोदक. एका नारळात दहा मोदकांचं सारण होतं असं धरलं तर चार लाखांवर नारळ फुटले.

स्पेनवाल्यांचा दुसरा एक उत्सव जगभर गाजतो. वालेन्सियाच्या किनाऱ्यापासून तासाभरावर, आत डोंगराकडे, बुन्योल नावाच्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक एकमेकांना टोमॅटो मारतात. तासाभराचा खेळ आणि दीडशे टनांच्या आसपास टोमॅटो. वीस किलोंचे साडेसात हजार कॅरेट! भाव पडल्यावर टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्या आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा खेळ नवा वाटणार नाही. तो फक्त विचारेल, याला तिकीट कसलं? तिकीट खरंच आहे. गर्दी हाताबाहेर जायला लागली म्हणून २०१३ पासून तिकीट लावलं आणि माणसं वीस हजारांच्या आसपास मर्यादित केली. वीस हजार! २०२५ च्या अनंत चतुर्दशीला मुंबईत बंदोबस्तालाच वीस हजारांवर पोलीस होते. त्यांच्या उत्सवात जेवढी माणसं, तेवढे आपल्याकडे नुसते शिट्ट्या वाजवणारे.

आणि टोमॅटो दीडशे टन, मोदक दोनशे दहा टन. शिवाय मोदक फेकायचे नसतात.

पण वजन सोडा, बोटं मोजा. चांगल्या उकडीच्या मोदकाला अकरा तरी कळ्या हव्यात. बेचाळीस लाख गुणिले अकरा म्हणजे ४ कोटी ६२ लाख कळ्या. प्रत्येक कळी कुणाच्या तरी तेल लावलेल्या दोन बोटांनी चिमटीत धरून काढलेली. एका कळीला तीन सेकंद दिले आणि एकाच बाईला पाटावर बसवलं, तर ती न झोपता, न जेवता, पाणी प्यायलाही न उठता, चार वर्षं आणि वर जवळजवळ पाच महिने कळ्याच काढत राहील. मुंबईच्या बायका हे काम सकाळच्या दोन तासांत उरकतात, आणि वर ऑफिसची लोकल पकडतात.

लोकलवरून गाड्यांकडे येऊ. सान सेबास्तियनला उत्सवात बाहेरून माणसं येतात. मुंबईचं तऱ्हेवाईकपण असं की तिचा सर्वांत मोठा सण आला की तिच्यातली लाखो माणसं शहर सोडून पळतात, कोकणात, आपापल्या गावच्या गणपतीला. २०२५ मध्ये रेल्वेनं गणपतीसाठी ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या. २०२३ ला त्या ३०५ होत्या, २०२४ ला ३५८. ही भर नेहमीच्या गाड्यांवरची. एकेका गाडीला बावीस डबे धरले आणि इंजिनासकट लांबी साडेपाचशे मीटर, तर ३८० गाड्या एकमेकींना जोडल्यावर २०९ किलोमीटरची एकच गाडी होते! तिचा शेवटचा डबा मुंबईच्या फलाटावर आणि इंजिन खंडाळ्याचा घाट चढून, पुणं सोडून, हडपसर मागे टाकून पुढे. गार्डानं मुंबईत हिरवा बावटा दाखवला तर तो ड्रायव्हरला पुण्यापलीकडे दिसायला हवा. डब्यात सत्तर माणसं धरली तर कागदावर पावणेसहा लाखांवर प्रवासी. आणि गणपतीच्या दिवसांत कोकणच्या डब्यात सत्तरच माणसं असतात असं म्हणणारा त्या गाडीत कधी चढलेला नाही.

एसटीनंही पाच हजारांवर जादा गाड्या सोडल्या. अकरा मीटरची एक बस धरा आणि बंपरला बंपर लावून उभ्या करा. पंचावन्न किलोमीटर बस! कोजागिरीला लोक आई भवानीच्या दर्शनाला सोलापूरहून तुळजापूरला चालत येतात तो रस्ता पंचेचाळीस किलोमीटरचा. तो पूर्ण भरून बसगाड्या पुढे दहा किलोमीटर उभ्या.

एवढी माणसं गेल्यावर मुंबई ओस पडत असेल? छे. लालबागला जाऊन बघा. १९३४ पासूनचा तिथला गणपती, लालबागचा राजा. रोज दहा-पंधरा लाख लोक दर्शनाला येतात असं दरवर्षी छापून येतं. हा आकडा जरा चेपून बघू. पंधरा लाख भागिले दिवसाचे ८६,४०० सेकंद म्हणजे सेकंदाला सतरा माणसं. अहोरात्र. तुम्ही ‘मोरया’ म्हणेपर्यंत सतरा जण नमस्कार करून पुढे सरकलेले. मला हे काही पचत नाही. नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहिलेल्यांनाही पचणार नाही. आकड्यांवर प्रेम करावं, पण डोळे मिटून नव्हे. चला, तिसरा हिस्सा धरू, पाच लाख. तरी सेकंदाला सहा माणसं, तरी गच्च भरलेल्या शंभर लोकल. आणि मुंबईला शंभर लोकल म्हणजे काय? दिवसाच्या तीन हजारांवर फेऱ्यांतल्या शंभर. मुंबईच्या गर्दीचं हेच आहे. जो आकडा आपल्याला चक्कर आणतो, तो तिला सकाळी नऊच्या आत पुरतो.

राजाची मिरवणूक मात्र कुठल्याही मापानं अचाटच. लालबाग ते गिरगाव चौपाटी, मिरवणुकीच्या वळणावळणाच्या वाटेनं साधारण नऊ किलोमीटर धरू. त्याला वीस तास सहज लागतात. २०२५ ला तर चौपाटीवर भरतीनं आणि तराफ्यानं असं काही अडवलं की घर सोडल्यापासून पाण्यात जाईपर्यंत तीस तासांच्या वर गेले. आपण नेहमीचे वीसच धरू. तासाला साडेचारशे मीटर. मिनिटाला साडेसात मीटर. या चालीनं राजा पुण्याला निघाला तर अठराव्या दिवशी पोहोचेल. आणि माकणीला यायचं ठरवलं तर? पाचशे किलोमीटर, न थांबता, रात्रंदिवस, गुलाल उधळत शेहेचाळीस दिवस! २०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. त्यात शेहेचाळीस दिवस मिळवा. येतो २२ ऑक्टोबर, दिवाळीचा पाडवा. आमच्या बायका ओवाळायला ताट घेऊन दारात उभ्याच असतील, निरांजनात तेवढं तूप वाढवायचं.

आवाजाचा हिशेब थोडक्यात उरकतो, कारण लिहितानाच कान दुखतात. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या नोंदी ११५ च्या पुढेही गेलेल्या आहेत. वाटतं, दुप्पट झाला. तसं नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते असं शास्त्र सांगतं, ते विश्वासावर घ्या. ५५ वरून ११५ म्हणजे दहापट, सहा वेळा. दहा लाख पट! कायद्यानं एक माणूस बोलायची परवानगी दिली आणि तिथे दहा लाख माणसं एकदम बोलली.

फुलं घ्या. २०२५ मध्ये महापालिकेनं पाचशे टनांहून जास्त निर्माल्य गोळा केलं. पन्नास ट्रक. त्यातलं निम्मं दूर्वा, पानं, हारांचे दोरे म्हणून सोडून द्या. उरलेल्या अडीचशे टनांत पाच ग्रॅमचं एक फूल धरलं तर पाच कोटी फुलं. दाटून ओवली तर दोन हजार किलोमीटरचा हार. मुंबई-पुणे पाच वेळा जाऊन यायचं, हातातला हार न तोडता. आणि हे फक्त गोळा झालेलं निर्माल्य.

विसर्जनाच्या रात्रीवर लिहिताना आमच्या भागातला माणूस एका जागी अडखळतोच. १९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. गणपती पोचवून लोक दमून झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. माकणीपासून हाकेच्या अंतरावरची. गेलेल्यांची संख्या आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितली जाते. ती मी गाड्यांत किंवा विहिरींत मोजून दाखवणार नाही. आमच्याकडे अजूनही बरेच लोक त्या रात्री उशिरापर्यंत अंगणात बसतात.

पाण्याकडे वळू, कारण खरा दांडगा आकडा तिथेच दडलेला आहे, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. माकणीचं धरण, सरकारी कागदावर निम्न तेरणा प्रकल्प. वापरता येण्याजोगा साठा सुमारे ९१ दशलक्ष घनमीटर. आमच्या मापात, काठोकाठ भरलेल्या १ लाख ३१ हजार विहिरी! धरण भरलं की आमच्याकडे पेढे वाटतात, जलपूजनाला पुढारी येतात. सांडव्यावर फोटो काढायला माणसं लातूरकडून येतात. आमचा समुद्र भरलेला असतो.

मुंबईला महापालिका रोज ३९० कोटी लिटरच्या आसपास पाणी देते. धरणातले ९,१०० कोटी लिटर भागिले ३९०. उत्तर आलं तेवीस. तेवीस दिवस! ज्या धरणावर आमच्या भागातली पिकं, गुरं आणि माणसं वर्ष काढायचं स्वप्न बघतात, ते मुंबई तेवीस दिवसांत रिकामं करेल. फक्त गणपतीच्या दहा दिवसांत ती चाळीस टक्क्यांहून जास्त माकणी पिऊन टाकते. दिवसाला ५,६०० विहिरी. तासाला २३४. मिनिटाला चार. तुम्ही हे वाक्य वाचायला सुरुवात केलीत तेव्हा भरलेली विहीर होती, पूर्णविरामाला तिचा तळ दिसला.

२०१६ चा उन्हाळा आठवतो? लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. ‘जलदूत’ नाव. एप्रिलमध्ये पहिली खेप दहा टाक्यांची, पाच लाख लिटरची. नंतर पन्नास टाक्या, पंचवीस लाख लिटर. ती स्टेशनात शिरताना लोकांनी हार घातले. मुंबईचं एका दिवसाचं पाणी या गाडीनं आणायचं म्हटलं तर रोज १,५६० जलदूत लागतील! दिवसात मिनिटंच १,४४०. म्हणजे मिनिटाला एकीहून जास्त गाडी फलाटाला लागली पाहिजे, दहा दिवस, रात्रंदिवस. १५,६०० जलदूत. त्या उन्हाळ्यात लातूरला जलदूतच्या शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. पहिल्या छोट्या खेपाही पूर्ण भरलेल्या धरून शंभर फेऱ्यांचं पाणी पंचवीस कोटी लिटर होतं. महिनोन्‌महिने एका शहराचा घसा ओला ठेवणारं ते पाणी मुंबईला दीड तास पुरेल. आरती सुरू झाली आणि प्रसाद वाटून झाला, तेवढ्यात संपलं.

सोनं कुकरमध्ये मावलं होतं, आठवतं? देव दीड विहिरीत मावले होते. आणि त्याच दहा दिवसांत माणसांनी प्यायलेलं, आंघोळीला घेतलेलं, मोदकांच्या भांड्यांवर ओतलेलं पाणी भरतं ५६ हजार विहिरी.

म्हणून शेवटी माणसंच मोजू. २०११ च्या जनगणनेत मुंबईत १ कोटी २४ लाख लोक होते. अनंत चतुर्दशीला त्यातला चौथा हिस्सा, गोळाबेरीज तीस लाख, बाहेर पडला असं समजा. बाकीचे घरी टीव्हीसमोर. प्रत्येक जण त्या दिवशी तीन किलोमीटर चालला. जास्त नाही, गल्लीतून नाक्यावर, नाक्यावरून चौपाटीकडे, आणि परत. तीस लाख गुणिले तीन. नव्वद लाख किलोमीटर! चंद्र इथून ३ लाख ८४ हजार किलोमीटर. मुंबई त्या एका दिवसात चंद्रावर अकरा वेळा जाऊन येते आणि बाराव्यांदा निघून तिथे पोहोचते. चपला हरवूनही. पावलं मोजायची तर माणशी साडेचार हजार, एकूण १,३५० कोटी. जगाच्या पाठीवर माणसं आठशे कोटींच्या थोडी वर. पृथ्वीवरच्या प्रत्येकाच्या नावानं, सान सेबास्तियनमधल्या आइस्क्रीम खाणाऱ्या पोरांच्या नावानंसुद्धा, मुंबईनं दीड पाऊल टाकलेलं.

आणि घोषणा! तीस लाख लोकांनी दिवसभरात शंभर-शंभर वेळा ‘गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं. शंभर म्हणजे काहीच नाही, गिरगावातलं लहान पोर ट्रकवर बसून तासाभरात एवढं ओरडतं. झाल्या तीस कोटी घोषणा. आता कल्पना करा, सगळ्यांनी एकदम न ओरडता शिस्तीत रांग लावली. एकाचं संपलं की दुसऱ्यानं सुरू करायचं. घाईघाईनं म्हटलं तर एका घोषणेला दोन सेकंद. साठ कोटी सेकंद. म्हणजे ६,९४४ दिवस. म्हणजे एकोणीस वर्षं!

इथे पंचांग डोळा मिचकावतं. चंद्राची आणि सूर्याची चाल अशी काही जुळते की दर एकोणीस वर्षांनी तिथी पुन्हा इंग्रजी महिन्याच्या त्याच तारखेच्या आसपास येऊन बसते. का, ते ज्योतिर्विदांना विचारा, मला फक्त तारखा माहीत आहेत. २००६ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२५ ची? २७ ऑगस्टलाच. तेव्हा २०२५ च्या ६ सप्टेंबरला सुरू झालेली आपली शिस्तीची रांग २०४४ च्या सप्टेंबरात, पुन्हा अनंत चतुर्दशीच्या सुमाराला संपत येईल. नेमकी एकोणीस वर्षं म्हणजे ६,९४० दिवस आणि आपले ६,९४४, त्यामुळे चार-पाच दिवस इकडेतिकडे. तोवर एकोणीस गणपती ‘लवकर या’ ऐकून येऊन, मोदक खाऊन, चौपाटीवरून परत गेलेले असतील. आणि रांगेतली शेवटची माणसं अजून २०२५ च्याच बाप्पाला निरोप देत उभी असतील.